साठावरचा काटा

हिमायतनगरच्या आडतीवर तूरडाळीचं शेवटचं पोतं उतरलं, तसा मुज्तबा ताडपत्रीची घडीसुद्धा धड न घालता केबिनमध्ये चढला. एरवी गाडी खाली झाली की हा माणूस हमालांबरोबर पान खाईल, चार गप्पा हाणील, कुणाच्या पोरीची सोयरीक कुठे जमली ते विचारील. आज त्याला दम नव्हता. गावाच्या दुसऱ्या टोकाला नरसिंगची गाडी खाली झाली होती आणि तो दहा मिनिटांपूर्वीच लातूरला निघाला होता. नरसिंगची ही शेवटची खेप होती.

सकाळी लातूरला मिलच्या फाटकात वीरण्णाशेठनेच हे सांगितलं, तेही सहज, जाता जाता. "नरसिंग उद्यापासून न्हाई बरं का. आज गाडी लावतो अन् देगलूरला लेकीकडं जातो, कायमचा." शेठला वाटलं, याला ठाऊकच असणार. वीस वर्षं एकाच मिलच्या दोन गाड्या जोडीने चालवणाऱ्या माणसांना एकमेकांची खबर नसेल, असं कुणाला वाटेल? पण नरसिंगने मुज्तबाशी बोलणं टाकल्याला दोन वर्षं झाली होती. फोन लावला तर उचलायचा नाही. मिलच्या आवारात समोरासमोर आला तर टायरला लाथ मारून हवा बघितल्यासारखं करायचा आणि निघून जायचा.

लातूर यायच्या आत नरसिंगला गाठायचं, एवढंच मुज्तबाच्या डोक्यात होतं. लातूरला पोचला की तो शेठच्या टेबलावर चावी ठेवणार आणि संध्याकाळच्या एसटीत बसणार. मग देगलूरला लेकीच्या दारात जाऊन कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

पण गाठायचं कसं? आडवी आली ती इंजिनाशेजारची डबी, जिला गव्हर्नर म्हणतात. तिला सील ठोकलेलं असतं. ॲक्सिलेटर पार खालच्या पत्र्याला टेकवा, काटा ठरलेल्या आकड्यापुढे सरकत नाही. सरकारने ऐंशीचा आकडा दिला होता. वीरण्णाशेठने डिझेल वाचतं म्हणून साठाचाच लावून घेतला. पुढची गाडी साठाने पळते, मागची साठाने पळते, मग दहा मिनिटांचं अंतर दहा मिनिटांचंच राहतं, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. मुज्तबा तरीही पाय दाबून बसला होता.

आणि याच रस्त्यावर, देवा, काय दिवस होते ते! रस्ता एकपदरी, खड्ड्यांनी भरलेला, आणि गाड्या कशा वाऱ्यासारख्या. भरल्या गाडीला कुणी हात लावायचा नाही, ती बैलासारखी चालायची. पण माल उतरला की परतीला दोघांच्या अंगात वारं शिरायचं. लोह्याचा चढ संपला की नरसिंग हात बाहेर काढून बोटाने खुणवायचा, ये म्हणून. मग मुज्तबा पुढे, नरसिंग मागे, नरसिंग पुढे, मुज्तबा मागे. अहमदपूरच्या अलीकडे गुणाबाईचं हॉटेल होतं. जो आधी पोचेल तो खाटेवर ऐसपैस पसरायचा आणि दुसरा आला की म्हणायचा, "या पाव्हणं, रस्ता चुकला व्हता का?" चहा थंड होईपर्यंत शिव्या चालायच्या. मुज्तबाची बायको हसीना म्हणायची, तुमचं लग्न माझ्याशी झालंय का त्या नरसिंगशी, एकदा काय ते सांगा. ती खोटं बोलत नव्हती. त्या खाटेवरच्या अर्ध्या तासाची मुज्तबाला आठवडाभर ओढ असायची.

आता रस्ता चारपदरी झाला, तुपात भिजवल्यासारखा गुळगुळीत, आणि गाड्यांच्या पायात दावं आलं. अंगणात सोडलेल्या घोड्याला खुंटीला बांधावं, तसला प्रकार. मुज्तबाला ते दावं मनातून कधीच पटलं नव्हतं. म्हणून तर गंमत बघा, याच दाव्यापायी त्याने दोस्त गमावला होता.

गव्हर्नर बसवून महिना झाला नसेल, नरसिंगने सील तोडलं. मुज्तबाला केबिनखाली वाकवून कोणती वायर काढायची तेसुद्धा दाखवलं. "तुझी बी काढून देतो, बोल." मुज्तबा नको म्हणाला. मग एके दिवशी चाकूरजवळ मुज्तबाला मागे टाकून निघालेली नरसिंगची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत शाळेतून येणाऱ्या एका सायकलवाल्या पोरीच्या वीतभर अंतरावर येऊन थांबली. रबर जळाल्याचा वास मागच्या गाडीत आला. पोर सायकल टाकून शेतात पळाली. नरसिंग खाली उतरला, हसला, म्हणाला, "बिरेक लई झ्याक हाय आपलं." त्या रात्री मुज्तबाला जेवण गेलं नाही. चार दिवसांनी वीरण्णाशेठने विचारलं, नरसिंगची गाडी एवढ्या लवकर कशी पोचते रे? आणि मुज्तबाने सांगून टाकलं. तीन महिने नरसिंग घरी बसला. परत आला तेव्हा सगळ्यांशी बोलला, एका मुज्तबाला सोडून.

करायला गेलो एक, झालं भलतंच, असं मुज्तबा स्वतःला सांगायचा. पण खरं दुखणं वेगळं होतं आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. चाकूर ते शेठची गादी, मध्ये चार दिवस होते. त्या चार दिवसांत नरसिंगला एकदाही बाजूला घेऊन तो बोलला नव्हता. घाबरला होता. दोस्ताला घाबरून त्याने शेठला सांगितलं होतं.

नांदेडबाहेरच्या वळणावर उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता धरला होता. तिथे नरसिंग अडकला असणार, कारण लोहा मागे पडल्यावर लांब सरळ रस्त्याच्या टोकाला मुज्तबाला त्याच्या गाडीची निळी ताडपत्री दिसली. दोनेक किलोमीटर असेल. थंडीचे दिवस, ऊन तिरपं होऊन समोरच्या काचेवर आलेलं. तो डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. ताडपत्री चढावर दिसायची, उतारावर बुडायची, पुन्हा चढावर दिसायची. तेवढीच. ना वीतभर मोठी, ना वीतभर लहान.

"अरे थांब की यार," तो काचेला म्हणाला. "एकदा तर थांब."

मग वायर आठवली. गाडी बाजूला घ्यायची, खाली वाकायचं, एक झटका. दोन मिनिटं जातील, पण नव्वदने सोडली तर दहा मिनिटांत नरसिंगच्या बरोबरीला. मुज्तबाने इंडिकेटर लावला. गाडी डाव्या कडेला आलीसुद्धा. आणि तिथे त्याला स्वतःची लाज वाटली. ज्या वायरपायी माणसाला तीन महिने घरी बसवलं, तीच उपटून त्याची माफी मागायला जायचं? त्याने इंडिकेटर बंद केला, आपल्या कपाळावर एक चापट मारली आणि पुन्हा साठ धरले.

अहमदपूर आठ-दहा किलोमीटरवर आलं असेल, तेव्हा ताडपत्री मोठी दिसायला लागली. आधी त्याला भास वाटला. मग मागचे लाल दिवे दिसले, मग फाळक्यावर रंगवलेला मोर. नरसिंगने गाडी हळू केली होती! चाळीसवर, कदाचित त्याहून कमी. दोन्ही गाड्या साठाला बांधलेल्या असताना मागच्याने पुढच्याला गाठावं, याला एकच कारण असू शकतं. पुढच्याच्याच मनात आलं पाहिजे. आरशात पाहिलं वाटतं त्याने मला. ओळखलं. थांबला माझ्यासाठी.

तो हॉर्न वाजवत बरोबरीला आला आणि खिडकीतून वाकला. "नरसिंगा!"

नरसिंग सरळ समोर बघत होता, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. एक हात सुटला, बाहेर आला आणि हलला. जा बाबा पुढे, जा. मान काही वळली नाही.

मुज्तबा पुढे गेला. जाणारच, दुसरं काय करणार? पण अर्ध्या किलोमीटरवर गुणाबाईचं हॉटेल आलं. त्याने गाडी आत घातली, उडी मारली आणि रस्त्याच्या कडेला येऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला. उडव मला, नाहीतर थांब, असं त्याच्या मनात होतं. गाडी जवळ आली, फार जवळ आली, आणि त्याला वेळीच मागे सरकावं लागलं. पुढचं चाक डांबर सोडून मातीत गेलं तेव्हा कुठे ब्रेक लागला.

नरसिंग उतरला. चार हातांवर येऊन उभा राहिला, उन्हापुढे हाताची ओंजळ धरून. "कोण हाय?"

मुज्तबा दोन पावलं पुढे आला.

"अरे कोण हाय? आरटीओ हाय का?"

"मी हाव. मुज्तबा."

नरसिंगचा हात खाली आला. डोळ्यांवर पांढुरका पडदा होता, दोन्ही डोळ्यांवर. "तू व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं कोणीतरी घाईत हाय. म्हणून वाट दिली."

"दिसंना झालंय का तुला?"

"सकाळचं दिसतंय. ऊन समोर आलं की समदं दूध दूध. लायसन नवं करून दिलं न्हाई त्यांनी. म्हणलं, ही खेप मारावी अन् गप जावं." मग तो म्हणाला, "का? आता हे बी सांगणार का शेठला?"

मुज्तबाने हे बोलणं दोन वर्षं मनात घोटलं होतं. माफ कर म्हणायचं, पाय धरायचे, सगळं ठरलं होतं. तोंडातून आलं ते निराळंच. "हाव," तो म्हणाला. "सांगणार. पण ह्या बारीला तुझ्यासमोर. तवा तुला आधी बोलायला पायजे व्हतं, नरसिंगा. भ्यालो मी. लई चुकलं माझं."

त्याने तिथेच फोन लावला. नरसिंगला दिसत नाही, गाडी गुणाबाईकडं लावली हाय, सकाळी दुसरा माणूस धाडा. शेठ पलीकडून काय काय बोलत राहिले. नरसिंग मातीत गेलेल्या चाकाकडे बघत उभा होता, किंवा चाक असेल तिकडे. फोन बंद झाला, तेव्हा त्याने खिशातून चावी काढली आणि मुज्तबाच्या दिशेने हात पुढे केला. हात थोडा चुकला. मुज्तबाने सरकून चावी घेतली.

"तवा समोर सांगितलं असतंस तर तुला लई हाणलं असतं," नरसिंग म्हणाला.

"हाणलं असतंस तर बरं झालं असतं."

गुणाबाईने गाडीवर नजर ठेवायचं कबूल केलं आणि चहा न पाजता दोघांना सोडलं नाही. मग मुज्तबाने नरसिंगला दंडाला धरून आपल्या केबिनमध्ये डाव्या बाजूला चढवलं. वीस वर्षं एकाच रस्त्याने धावूनही ते दोघे एका केबिनमध्ये कधी बसले नव्हते. नेहमी एक पुढे, एक मागे.

लातूर सत्तर किलोमीटर होतं. नरसिंगला मध्येच सायकलवाली पोर आठवली. "सपनात येती," एवढंच म्हणाला. मग तो देगलूरच्या नातवंडांचं सांगायला लागला, डोळ्यांच्या ऑपरेशनचं, लेकीने त्याच्यासाठी ओसरीत टाकलेल्या पलंगाचं. मुज्तबा हं हं करत होता आणि मैलाचे दगड मोजत होता. साठ. चोपन्न. पन्नास. चाकूर गेलं. दगड भराभर मागे पडत होते. दोन वर्षं ज्या काट्याला त्याने रोज शिव्या घातल्या, त्या काट्याकडे त्याने पाहिलं, आणि गाडी फार पळते आहे असं त्याला वाटलं. त्याने पाय हळूच उचलला. काटा पंचावन्नवर आला, पन्नासवर आला, मग चाळीसवर.

मागचे ट्रक हॉर्न मारून पुढे जायला लागले. नरसिंगने कान टवकारले. आयुष्यभराचा ड्रायव्हर, त्याला डोळ्यांची गरज नव्हती.

"काय झालं रे मुज्जू? गाडी वढंना का?"

"न्हाई वढत," मुज्तबा म्हणाला.