आत्याचा आवाज आणि ‘ई’ची जागा

आत्याच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं. आवाज राहील, पण असाच राहील याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती आणि आत्याने मागितलीही नव्हती. तिला घोर एकच: अंधांच्या वाचनालयासाठी वाचायला घेतलेली जाडजूड कादंबरी त्याआधी हातावेगळी व्हायला हवी. एकेचाळीस भाग झाले होते. शेवटचा आज.

रेकॉर्डिंग भाची करायची. तिने कपाटातून डिस्क काढली, कॉम्प्युटरला लावली, काम उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. एकेचाळीसच्या एकेचाळीस भागांपुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘फाइल सापडत नाही’.

काचेपलीकडच्या वाचनाच्या खोलीतून आत्या म्हणाली, “काय गं, करायचं ना सुरू?”

“माइक तपासतेय, आत्या.”

“माइक तपासताना कुणाचं तोंड एवढंसं होत नाही. काय ते सरळ सांग.”

भाचीने सांगितलं. आत्या पाण्याचा ग्लास पुढे ओढत म्हणाली, “मग पहिल्यापासून घेऊ. संध्याकाळपर्यंत होईल तेवढं होईल.”

तीन आठवड्यांचं काम, एका दिवसात! भाचीला रडू फुटायचंच काय ते बाकी होतं.

डिस्क मेली असणार म्हणून तिने तपासायला घेतली, तर बाईसाहेब ठणठणीत. आतले सगळे भाग जागच्या जागी. फक्त रोज डिस्कच्या नावापुढे ‘ई’ हे अक्षर असायचं, तिथे आज ‘एफ’ होतं. मग ‘ई’वर कोण? आत्याचा पेन ड्राइव्ह!

“आत्या, सकाळी तू इथे काही लावलंस?”

“रिपोर्ट छापून घेतले. तू फोनवर होतीस तेव्हा. का?”

कॉम्प्युटर तसा भोळा. ए आणि बी तो कधीच्या गेलेल्या फ्लॉप्यांसाठी अजून राखून ठेवतो, सी आणि डी त्याच्या स्वतःच्या भागांसाठी. पुढे नवा पाहुणा आला की पहिलं मोकळं अक्षर देऊन मोकळा. रोजचं माणूस मागून आलं तर त्याला पुढची खुर्ची. आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्राम इतका हट्टी, की ‘ई’च्या दारात उभा राहून हाका मारत बसला, शेजारी डोकावून बघायची तसदी नाही.

भाचीने दोन्ही काढले, आधी डिस्क लावली, काम पुन्हा उघडलं. लाल ओळी गेल्या. पहिला भाग सुरू केला तसा आत्याचा आवाज खोलीभर झाला आणि भाचीचा जीव भांड्यात पडला.

“बरी वाचते की गं ही बाई,” आत्या म्हणाली. “आता माझे रिपोर्ट पर्समध्ये टाक आणि चल, कामाला लाग.”

दुपारपर्यंत शेवटचा भाग झाला. आत्या न अडखळता वाचत गेली. शेवटचं वाक्य संपवून तिने चष्मा काढला. तरी भाचीला रेकॉर्डिंग बंद करवेना.

“आत्या, शेवटचं पान अजून एकदा घेऊ या?”

“का? चुकलं कुठे?”

“नाही.”

आत्याने काचेतून तिच्याकडे नीट पाहिलं. मग पाण्याचा एक घोट घेतला, चष्मा चढवला आणि पान मागे उलटलं.