कव्हरवरचा स्टिकर

"कव्हर काढा. कव्हरवर चालत नाही."

"काय काका, रोज तेच! ओळखत नाही का मला?"

"तुम्हाला ओळखतो. तुमच्या कॅमेऱ्याचा भरवसा नाही."

रांगेतली पोरं हसली. ज्ञानदेवने फोन पालथा घेतला, तिन्ही भिंगांवर एकेक निळा स्टिकर चिकटवला, अंगठ्याने दाबला आणि फोन परत दिला. सकाळचे पावणेसात वाजले होते. चाकणच्या त्या कंपनीत पहिली पाळी सातला लागायची आणि तोवर दोनशे-अडीचशे फोन त्याच्या हातांखालून जायचे. आत मोटारींचे प्लास्टिकचे भाग बनत, त्यातले काही अजून बाजारात न आलेल्या गाड्यांचे. म्हणून फोन आत नेता येई, पण डोळे बांधून. स्टिकरचा रंग रोज बदले. एकदा उचकटला की त्यावर पांढऱ्या रेघा उमटत, पुन्हा लावायची सोय नसे. पाळी सुटताना तो शाबूत आहे की नाही हे बघायचं कामही ज्ञानदेवचंच. स्टिकर कव्हरवर लावला तर आत गेल्यावर कव्हरच काढून ठेवता येतं, ही अक्कल पोरांना केव्हाच सुचली होती. तेव्हापासून कव्हर काढायला लावायचं, असा नियम झाला.

अकरा वर्षं गेटवर काढल्यावर ज्ञानदेवला माणसांच्या तोंडापेक्षा त्यांच्या फोनची पाठ जास्त ओळखीची झाली होती. प्लँटचे मोठे साहेब चार वर्षांपूर्वीचा, कोपरा उडालेला फोन बिनदिक्कत वापरत. आणि एका खोलीत पाच जण राहणारी, एका डब्यात दोघं जेवणारी ट्रेनी पोरं मात्र यंदाचा फोन घेऊन येत. हा उलटा हिशेब त्याला पूर्वी कळत नसे, तो मनात हसायचा. आता हसत नव्हता, कारण तसला एक फोन त्याच्याच घरात आला होता.

"पुढे," तो म्हणाला.

समोर आम्रपाली उभी होती, त्याची मुलगी. डिप्लोमा करून स्वतःच्या हिमतीवर ती क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून लागली होती. गेटवर ती त्याला पप्पा म्हणत नसे आणि तोही तिच्याकडे बघत नसे, असं दोघांचं न बोलता ठरलेलं होतं. तिने फोन पुढे केला. ज्ञानदेवने तो दोन्ही हातांनी घेतला, भिंगंही झाकणाऱ्या मागच्या पारदर्शक कव्हरवर तीन निळे स्टिकर लावले आणि झटक्यात परत दिला. कव्हर काढलं नाही. अडीचशे फोनांमधला हा एकच, आणि हे आठ महिने चाललं होतं.

फोन एक लाख चोवीस हजारांचा होता. आकडा ऐकला त्या दिवशी ज्ञानदेव जेवला नव्हता. बारा तासांची ड्युटी करून त्याला महिन्याला सतरा हजार मिळत, म्हणजे सात महिने उपाशी उभं राहावं तेव्हा तो फोन.

"अगं, एवढ्यात गाडी आली असती," तो म्हणाला होता. "फोन तो फोन. त्याच्यावरून काय कुणी जास्त चांगलं बोलतं?"

"जेवताना सगळ्या जणी फोन टेबलावर ठेवतात, पप्पा. मी माझा पिशवीत ठेवते." आम्रपालीने मान वर केली नव्हती. "आपली खोली भाड्याची. गाडी नाही. मम्मीच्या अंगावर मण्यांशिवाय काही नाही. एक तरी वस्तू पहिल्या नंबरची असावी ना हातात. हप्ता मी भरते. तुमच्याकडे मागत नाही."

ज्ञानदेवच्या वडिलांनीही पिंपरीच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्यांदा घड्याळच घेतलं होतं, घरात पुरेशी भांडी नसताना. फरक इतकाच, की ते घड्याळ तीस वर्षं चाललं.

फोन घरात आला आणि कुरुळीच्या त्यांच्या एका खोलीत, नवा जावई मुक्कामाला यावा तसा सगळ्यांना धाक बसला. ज्ञानदेवच्या बायकोने, प्रभावतीने, त्याच्यासाठी जुन्या मऊ साडीचं फडकं शिवलं. तो शेगडीपासून लांब, माठापासून लांब, खिडकीत तर मुळीच नाही, अशी जागा शोधता शोधता शेवटी कपाटात, कागदपत्रांच्या डब्यावर गेला. दुकानदाराने सांगून ठेवलं होतं, मागची काच गेली तर तीस हजार. त्या तीस हजारांनी सगळ्यांत जास्त ज्ञानदेवच घाबरला. ज्याने विरोध केला, तोच त्या फोनचा राखणदार होऊन बसला. पहिल्या दिवशी गेटवर त्याने काचेवर स्टिकर लावला, पाळी सुटल्यावर काढला, तर भिंगावर चिकटाचं पुसट वर्तुळ राहिलं. आम्रपाली बसमध्ये बसून ते ओढणीने घासत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून स्टिकर कव्हरवर लावला. तिने मागितलं नव्हतं.

त्याच दिवशी, बुधवारी दुपारी, पाळी सुटायच्या आधीच, गेटवर टेबल मांडलं गेलं. एचआरच्या विजयश्री मॅडम स्वतः खाली आल्या. अजून न आलेल्या एका गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो कुठल्याशा ग्रुपवर फिरत होता आणि तो याच शेडमध्ये काढलेला होता. मॅडमच्या बाजूला यशवंतराव उभे होते. कुरुळीचे जुने बागायतदार. जमीन कंपन्यांत गेल्यावर त्यांनी गेटवर माणसं पुरवायचा ठेका घेतला होता आणि ज्ञानदेव त्यांच्याच पगारावर होता.

"प्रत्येकाचं कव्हर काढून बघायचं," मॅडम म्हणाल्या.

ज्ञानदेवने रांगेकडे पाहिलं. आम्रपाली सातवी होती. तिला मागे जा म्हणून खुणावं, तर मॅडम शेजारीच उभ्या. आणि मागे जाऊन तरी कुठे जाणार? बाहेर पडायला हे एकच गेट होतं.

तिचा नंबर आला. मॅडमनी कव्हर ओढलं. तीन निळे स्टिकर कव्हराबरोबर अलगद निघून आले आणि तीन उघडी भिंगं उन्हात चमकली.

"हे कुणी केलं?"

आम्रपालीने एकदाच वडिलांकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "मी केलं, मॅडम. सकाळी आत गेल्यावर काचेवरचे काढले आणि कव्हरवर लावले."

"कशासाठी?"

"असंच."

"असंच? याचा अर्थ कळतो का तुला? आजच्या आज घरी जाशील. आणि या पट्ट्यात दुसरीकडे कुठे लागशील असंही समजू नकोस."

"हो, मॅडम."

तिचा आवाज स्थिर होता. ज्ञानदेवला तो ओळखीचा वाटला. गेटवर लागण्याआधी तो काम करायचा ते चिखलीचं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा, आता काय करायचं असं प्रभावतीने विचारल्यावर, तो स्वतः याच आवाजात बोलला होता. पोरगी आपल्यासाठी खोटं बोलते आहे हे त्याला कळलं, आणि आपण अजून गप्प आहोत हेही कळलं. गप्प राहिलं तर निदान सतरा हजार तरी राहतात, असा हिशेब क्षणभर त्याच्या मनात झालासुद्धा. त्या क्षणाची त्याला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

"मॅडम, ती खोटं बोलतेय," तो म्हणाला. "स्टिकर बघा. एकदा काढला की त्याच्यावर पांढऱ्या रेघा येतात. ह्यावर एक तरी रेघ आहे का? जिथं पहिल्यांदा लावला तिथंच आहे तो. आणि लावतो मी."

मॅडमनी कव्हर उजेडात धरलं. निळा रंग अखंड होता.

"म्हणजे नियम माहीत असून तुम्ही..."

"हो."

"का?"

अकरा वर्षांत त्याला असा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तरही सरळच होतं आणि ते सगळ्यांसमोर द्यायची त्याला फार लाज वाटली. "काचेला चिकट राहतं, मॅडम. फोन महाग आहे. माझी मुलगी आहे ती."

रांगेत मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आम्रपालीला फोन उघडायला लावला आणि एकेक फोटो सरकवायला सुरुवात केली. फार वेळ लागला नाही. आठ महिन्यांत त्या लाखाच्या कॅमेऱ्याने टिपलं होतं ते एवढंच: प्रभावती भाकरी थापताना, खोलीच्या पत्र्यावरचं मांजर, बुद्धजयंतीची खीर, मैत्रिणीचं लग्न. दिवसभर फोन डोळे बांधून असे आणि घरी गेल्यावर टिपण्यासारखं नवं काय असणार. डॅशबोर्ड कुठेच नव्हता. मग मॅडमचं बोट थांबलं.

"हा काय?"

रस्त्याच्या पलीकडून काढलेला फोटो होता. गेट, वर कंपनीची पाटी आणि गेटसमोर टोपी घातलेला ज्ञानदेव, कुणाचा तरी फोन डोळ्यांजवळ धरून स्टिकर दाबताना. ओठ मुडपलेले, जणू सुईत दोरा ओवतो आहे. ज्ञानदेवने तो फोटो कधी पाहिला नव्हता. युनिफॉर्ममधला त्याचा दुसरा फोटोही नव्हता.

"गेटचा फोटो काढायलाही मनाई आहे. डिलीट कर."

"मॅडम, हा बाहेरून, रस्त्यावरून..."

"डिलीट कर. आणि डिलीट केलेल्यातूनही काढ."

आम्रपालीने दोनदा बोट टेकवलं.

नंतर केबिनमध्ये यशवंतरावांनी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. "मी बोललो मॅडमशी. पोरीचं काम ऱ्हातंय. पन कुनाचं तरी नाव तर द्यावं लागतंय. न्हाईतर माझा ठेका जातोय. त्येच्यावर चाळीस घरं हायती."

"माझं द्या."

"दुसऱ्या गेटवर बी घालता येत न्हाई रं तुला. सगळीकडं नाव जातंय." त्यांनी खिशातून आपला फोन काढला. मागचं झाकण निसटू नये म्हणून त्याला रबर लावलेलं होतं. "ह्यो बघ माझा. धा एकर माझी ह्याच पत्र्याखाली हाय, पन फोन ह्यो. बोलायला आसतो फोन, दाखवायला न्हाई. पोरीला येवढं तरी सांगायचं हुतंस."

ज्ञानदेवने मान डोलवली. दहा एकरवाल्याला रबर लावलेला फोन शोभतो, हे त्याला यशवंतरावांना सांगता आलं नाही. त्यांना कुणी फोनवरून जोखत नव्हतं.

घरी आम्रपालीने पिशवीही खाली ठेवली नाही. "मी पण सोडते. उद्याच लिहून देते."

"आणि हप्ता?"

"फोन विकू."

"विचारलंय मी दुकानात," प्रभावती हळूच म्हणाली. हे तिने केव्हा विचारलं, ते दोघांनाही माहीत नव्हतं. "डबा उघडला की निम्मी किंमत. तेवढ्यात उरलेले हप्ते फिटत नाहीत, वर पदरचं घालावं लागंल."

सोळा हप्ते उरले होते. सोळा महिने आम्रपालीला त्या गेटातून आत जावंच लागणार होतं, मॅडम काहीही बोलल्या तरी, मागे कुणीही फिसकन हसलं तरी. रावेतच्या एका कंपनीत कायमच्या नोकरीसाठी ती दिवाळीनंतर परीक्षा देणार होती. तिथे सुरुवातीचे सहा महिने पगार कमी होता, हप्ता निघाला नसता. तो विषय त्या रात्री कुणी काढला नाही. फोन कपाटात आपल्या डब्यावर निवांत पडून होता.

"पप्पा, तो फोटो मी फ्रेम करणार होते," आम्रपाली मध्येच म्हणाली. "तुमच्या वाढदिवसाला."

"जाऊ दे. माझ्या तोंडाचं काय नवल आहे," ज्ञानदेव म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. तहान लागलेली नव्हती.

सकाळी तो तिच्याबरोबरच निघाला. युनिफॉर्म धुवून, घडी घालून पिशवीत घेतला होता, टोपी वर ठेवली होती. गेटवर आज किसन होता, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. पिशवी घेताना किसन वर बघेना.

"खिशात कालच्या निळ्या स्टिकरची पट्टी राहिलीय," ज्ञानदेव म्हणाला. "कंपनीची आहे. आत जमा कर."

आम्रपाली रांगेतून पुढे आली. तिने स्वतःच कव्हर काढलं आणि फोन पालथा धरला. "काचेवर लावा, किसनदादा."

किसनने हातात पिवळा स्टिकर धरला आणि ज्ञानदेवकडे पाहिलं.

"लाव," ज्ञानदेव म्हणाला. "अंगठ्यानं दाबून लाव. कडेला नीट बसला नाही तर आपोआप सुटतो आणि मग पोरीवर येतं."

किसनने दाबून लावला. एक, दोन, तीन. आम्रपालीने फोन घेतला, कव्हर पिशवीत टाकलं आणि आत गेली. टर्नस्टाइलचा दांडा फिरला आणि थांबला. मागचे लोक खोळंबले होते, म्हणून ज्ञानदेव बाजूला झाला.

परतीची गाडी लगेच मिळाली असती. पण तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. वडापावच्या गाडीपाशी उभा राहून त्याने गेटकडे पाहिलं, मग चार पावलं डावीकडे सरकला, पुन्हा पाहिलं. पाटी नीट दिसत होती, पण दिव्याचा खांब मध्ये येत होता. तो आणखी थोडा पुढे गेला, बसथांब्याच्या कठड्याजवळ. इथून पाटी, गेट आणि किसनची टोपी सगळं एका ओळीत आलं.

फोटो काढताना इथेच उभी राहिली असेल ती, असं त्याला वाटलं. बराच वेळ तो तिथेच उभा राहिला.