ब्लाऊज पीसचा झब्बा

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे आणि मी अजून रागात आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात म्हणे. माझ्याकडून तेवढं काही व्हायचं नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट आहे. एकदा कुणी डोक्यात बसलं की मी ते विसरत नाही, आणि मृत्युंजय सर तर माझ्या चांगलेच डोक्यात बसलेले आहेत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते नांदेडचं दुकान. काळं कुळकुळीत अंग, वर सोनेरी वेलबुट्टी, अशी मी काचेआड उभी होते. एके दिवशी भोकरचे माणिकप्पा आपल्या लेकीला घेऊन आले. लेकीचं नाव जगदेवी. तिचं लग्न ठरलं होतं आणि बापाने तिला विचारलं होतं की तुला काय देऊ. दुकानदार तिला नवी नवी मॉडेलं दाखवत होता, पण ती सरळ माझ्याकडे आली. तिने हातचाक फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "आप्पा, हीच घ्या. हिचा आवाज लई साफ हाय."

रेणापूरला आम्ही एकाच टेम्पोतून आलो. सासरी जगदेवीची जागा स्वयंपाकघरात होती आणि माझी खिडकीखाली. तिचा नवरा गुरुबसप्पा लातूरच्या आडत बाजारात मापाडी. माणूस सरळ, पण लोक काय म्हणतील याची त्याला फार धास्ती. हळूहळू आमचं नाव झालं. नवरीचं ब्लाऊज म्हटलं की बायका जगदेवीचंच घर विचारत यायच्या. तिची बाही कधी काखेत दाटली नाही, पाठीवरचा हूक कधी तुटला नाही. लग्नसराईत माझ्या फळीवर कापडाचा ढीग असायचा आणि मी दिवसभर गात असायची. खरं सांगते, तेव्हा मला थोडा माजही आला होता.

मग ती साथ आली. शाळा बंद झाल्या आणि शाळा आमच्या घरात शिरली.

जगदेवीची लेक अक्षरा तेव्हा चौथीत. गावातल्या इंग्रजी शाळेत जायची. फोन एकच, तो गुरुबसप्पाचा. तो माझ्या हातचाकाला टेकवून उभा केला. फळीवर कापडाच्या जागी पुस्तकं आली. समोर अक्षरा आणि तिच्या शेजारी, माझ्याच स्टुलावर, जगदेवी. फोनमधून बाई म्हणायच्या, "मुलांनो, लिंक पाठवली आहे, पाहून घ्या," आणि गडप व्हायच्या. कधी आवाज यायचा तर चित्र नाही, कधी चित्र यायचं तर बाईंचं कपाळच तेवढं दिसायचं. मग जगदेवीच भागाकार समजावायची. ती स्वतः मराठी शाळेत दहावी शिकलेली. इंग्रजी धडा आधी शेजारच्या पोराकडून समजून घ्यायची, दोनदा वाचायची आणि मग लेकीला सांगायची. बटणं मांडून तिने अपूर्णांक शिकवले. गृहपाठाचे फोटो काढून पाठवायचे, ते गेले नाहीत तर गच्चीवर जाऊन पाठवायचे. हे सगळं मी उघड्या डोळ्यांनी बघत होते आणि माझ्या सुईला गंज चढत होता.

एकदा एका नवरीचं ब्लाऊज शिवायचं राहिलं. त्याच दिवशी अक्षराची परीक्षा होती आणि फोन सारखा बंद पडत होता. नवरीची आई आली, तिने बेतलेलं कापड फळीवरून खस्सकन ओढलं आणि म्हणाली, "तुला जमत न्हाई तर सांगायचं हुतंस की गं!" तिथून ती सरळ पुनमच्या शिलाईच्या दुकानात गेली. तिच्यामागे तिची जाऊ गेली, जावेमागे अख्खी गल्ली गेली. जगदेवी त्या दिवशी माझ्यावर डोकं टेकून रडली. ते मी विसरू?

शाळा उघडली तेव्हा सरांनी मातांचा गौरव ठेवला. मृत्युंजय सर म्हणजे त्या शाळेचे मालक. त्यांनी भाषण केलं, "माउल्यांनो, तुम्ही घर हीच शाळा केलीत!" आणि प्रत्येकीच्या ओटीत एकेक ब्लाऊज पीस घातला. आता आपल्याकडच्या या कापडाचं मी तुम्हाला काय सांगू! ते शिवण्यासाठी नसतंच. या घरातून त्या घरात फिरण्यासाठी असतं. पन्हा कमी, लांबी कमी, धरलं तर पलीकडचं दिसतं. धुरपतामाय आमची शेजारीण. तिचा पीस तर तीन बारशांत फिरून पुन्हा तिच्याच ओटीत आला.

या गौरवाच्या पाठोपाठ शाळेने बंद काळातली पूर्ण फी मागितली, बसच्या भाड्यासकट. बाकीच्यांनी कुरकुरत भरली. जगदेवीने पुढच्या वर्षांची भरली, पण त्या दोन वर्षांची भरायची नाही म्हणाली. सातवी संपत आली तेव्हा मात्र घोडं अडलं. अक्षराला आठवीला लातूरच्या शाळेत जायचं होतं, आणि त्यासाठी या शाळेचा दाखला हवा होता.

सर स्वतः घरी आले. खुर्चीत ऐसपैस बसले आणि चहाचा ओला कप त्यांनी माझ्या फळीवर ठेवला. बशीत नाही, फळीवर!

"जगदेवीताई, असा हट्ट करू नये," सर म्हणाले.

"हट्ट कशाचा, सर? तुमच्या बाईंनी लिंक पाठवली, समजावून सांगितलं मी. शिलाईचं काम बुडालं मपलं. तेवढी मजुरी फीतून वळती करा, राहिलेलं भरते. आन् बस तर चाकं खाली बसेस्तोवर मैदानात उभी हुती. तिचं भाडं कशाचं?"

सर मोठ्यांदा हसले. "अहो, आईनं लेकराला शिकवलं त्याचे पैसे लावायचे? ती माया असते. माया मोजतात का कुठं?"

"मग तुम्ही शाळेच्या दारावर 'ज्ञानमंदिर' लिहिलंय. देवळात फी असती का, सर?"

सरांचं हसणं आटलं. ते उठले आणि म्हणाले, "एक मेला निकाल आहे. फी भरा, दाखला न्या. न्हाईतर लेकरू घरीच बसवा. तुम्ही शिकवताच की!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाही, पाय मारायचा पायटा आहे. त्याची गेली म्हणा.

सर गेल्यावर गुरुबसप्पा हळू आवाजात म्हणाला, "लेकराला शिकवल्याची मजुरी मागितली तर लोक तोंडात शेण घालतील गं. मशीन इकू आन् भरून टाकू एकदाचं." मशीन म्हणजे मी! मी ऐकत होते, मित्रांनो.

"मायेचे पैसे मी मागत न्हाई," जगदेवी म्हणाली. "बंद पडलेल्या कामाचे मागून राहिले. मशीन न्हाई जायची."

अक्षरा कोपऱ्यात उभी होती. ती रडवेली होऊन म्हणाली, "मम्मी, माझ्या शाळेत तमाशा नको करू ना."

 जगदेवी पेटीपाशी गेली, सरांनी दिलेला पोपटी ब्लाऊज पीस तिने बाहेर काढला आणि उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिली. मग धुरपतामायला हाक मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरी शाळेतल्या बाकीच्या माउल्या जमल्या. महानंदा राणी रंगाचा पीस घेऊन आली, कुणी हळदी, कुणी जांभळा, कुणी मोठाल्या फुलांचा. त्यांनी फी भरली होती, पण ती त्यांच्या घशाखाली उतरलेली नव्हती. जगदेवीने मला तेल घातलं, नवी सुई बसवली. मित्रांनो, इतक्या आनंदाने मी नवरीचं ब्लाऊजही शिवलं नव्हतं. ठिकठिकाणचं कापड जोडत जोडत आम्ही सरांच्या मापाचा झब्बा शिवला. माप तिने सर खुर्चीत बसले होते तेव्हाच नजरेने घेतलं होतं. अंगाला चापून बसेल असा, प्रत्येक शिवण दुहेरी, आणि पुढून बंद. हूक पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, नवरीच्या ब्लाऊजला असतात तसे. मी एकदाही दोरा तोडला नाही.

एक मेला मी शाळेत नव्हते. पण त्याचा व्हिडिओ माझ्याच हातचाकाला फोन टेकवून इतक्या वेळा पाहिला गेला की मला तो तोंडपाठ आहे. झेंडावंदन झालं, पाहुण्यांची भाषणं झाली, ऊन चढलं. मग धुरपतामाय उठली आणि म्हणाली, "आम्हा माउल्यांना सरांचा सत्कार करायचा हाय." सरांना सत्काराची एवढी सवय, की नाव काढलं की त्यांची मान आपोआप खाली जाते. आताही गेली. हात पुढे आले. बायकांनी झब्बा उलगडला न उलगडला तोच सरांचे हात बाह्यांत घातले. सर दचकले, पण पाहुणे टाळ्या वाजवत होते आणि आहेर भर सभेत अंगावर घ्यायचा असतो, तो झिडकारला तर पुन्हा गावात तोंड दाखवायला नको. मागून महानंदाने वरपासून खालपर्यंत हूक लावून टाकले. सर वळले. पोपटी पोट, राणी रंगाची एक बाही, जांभळी दुसरी, छातीवर मोठाली फुलं. सगळं मैदान फुटून हसलं.

जगदेवीने माईक घेतला. "सर, दोन वर्षांची मजुरी म्हणून तुम्ही आम्हाला जे दिलं, ते आम्ही जसंच्या तसं परत केलंय. शिलाई मपली. तिचं काही लावलं न्हाई."

सरांनी झब्बा काढायला हात मागे नेले. हूक हाती लागेनात. त्यांनी पुढून ओढून पाहिलं. माझी शिवण उसवली नाही. घाम निथळायला लागला, तेव्हा त्यांनी शेवटचा डाव टाकला. त्यांनी अक्षराला मंचावर बोलावलं आणि माईक तिच्या तोंडापुढे धरला.

"बाळा, तुझी आई बघ कशी वागून राहिली. तूच सांग सगळ्यांना, त्या दोन वर्षांत तुला कुणी शिकवलं?"

व्हिडिओत इथे जगदेवीचा चेहरा दिसतो. तिला वाटलं होतं, पोर लाजून पळून जाईल. अक्षराने एकदा आईकडे बघितलं, एकदा सरांच्या झब्ब्याकडे.

"मम्मीनं, सर."

"आणि शाळेनं?"

"शाळेनं हजेरी घेतली."

मग कुणी कुणाला आवरायचं! पाहुण्यांनीच रुमालात तोंड लपवलं. सर जगदेवीपुढे पाठ करून उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, हूक काढा."

"दाखला आणा, काढते."

कारकून धावत गेला, धावत आला. जगदेवीने दाखला उन्हातच नीट वाचला. नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, सही वाचली, शिक्का वाळला का तेही पाहिलं. तोवर सर उभे. मग तिने एकेक हूक काढला, अगदी सावकाश.

त्या आठवड्यात शाळेने सगळ्यांचं बसचं भाडं माफ केलं आणि जगदेवीची दोन वर्षांची फीही पुन्हा कुणी मागितली नाही. गुरुबसप्पाला वाटलं होतं लोक आपल्याला हसतील. आता बाजारात लोक त्याला मुद्दाम थांबवून चहा पाजतात. पण मजुरी? ती मिळाली नाही. ना तिला, ना धुरपतामायला, ना महानंदाला. तेव्हा तुटलेली गिऱ्हाइकं अजून पुनमकडेच जातात. म्हणून सांगते, माझा राग गेलेला नाही आणि मी तो जाऊ देणार नाही.

मागच्या सुट्टीत अक्षरा लातूरहून आली. माझ्यावरची धूळ पुसता पुसता तिने विचारलं, "मम्मी, तेव्हा तुझं किती काम गेलं गं?"

"काई न्हाई गेलं," जगदेवी म्हणाली आणि तोंड फिरवून दोरा ओवायला लागली. दोरा काही केल्या ओवला जाईना.

मित्रांनो, जुन्या वस्तूने जाता जाता काहीतरी मागायचं असतं. मला तेल नको, नवं झाकण नको. तुमच्या घरी फोनसमोर तुमच्या शेजारी जी बसली होती, तिला आज विचारा की तेव्हा तुझं काय बंद पडलं. तीही म्हणेल, काही नाही. तिच्यावर विश्वास ठेवू नका. ती खोटं बोलते आहे.