राबाचा धूर

ओळखपत्राच्या प्लॅस्टिकखाली हवेचा एक फुगा अडकला होता. अंगठ्यानं दाबला की तो फोटोवरून सरकायचा, ‘गोकुळ’ या अक्षरांवर क्षणभर बसायचा, मग कोपऱ्यातल्या शिक्क्याकडे पळायचा – जायचा मात्र नाही. जीप मोखाडा मागे टाकून वळणं घेत होती, पुढच्या सीटवर चौकशीचे साहेब डुलक्या घेत होते, आणि मागे बसलेला गोकुळ तो फुगा दाबत होता... असंच काहीतरी आठ दिवसांपूर्वी अंगठ्याखाली दबलं होतं. मऊ. आत दम धरून बसल्यासारखं.

कॅमेऱ्याची बॅटरी. धरणांच्या मोजणीसाठी डोंगरांचे फोटो काढणारं छोटं विमान, त्यात सीटच्या मागे तो कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला पूर्वी एक जड, जुनी, निमूट बॅटरी होती. मग लिथियमची आली – हलकी, चपटी, जास्त वेळ चालणारी – आणि कंपनीतले सगळे खूष झाले. बॅटऱ्या चार्ज करणं, तपासणं, वहीत सही करणं हे गोकुळचं काम. त्या सकाळी तिची एक बाजू फुगलेली दिसली. त्यानं मॅनेजरला दाखवली. मॅनेजर म्हणाला, “आजची फेरी होऊ दे, उद्या बदलू.” म्हणून गोकुळनं तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. बॅटरीचा डबा घट्ट बंद केला. सही केली. कॅप्टन शिडीवर पाय ठेवता ठेवता म्हणाले होते, “काय गोकुळ, सगळं ठीक?” – आणि तो म्हणाला होता, “ठीक, सर.” दोन शब्द. जिभेला काही जडही गेले नव्हते.

विमान मोखाड्याच्या डोंगरात पडलं. कॅप्टन एकटेच होते आत. सगळं इतकं जळलं होतं की आधी काय पेटलं हे सांगायला लोखंडसुद्धा उरलं नव्हतं – उरली होती एक बाई, जिनं पाहिलं होतं. साहेबांना तिची बोली कळणार नव्हती, तलाठी रजेवर होता, आणि कंपनीनं आपणहून सांगितलं – आमचा एक माणूस आहे ना, तिकडचाच.

ती बाई, हौशी, अंगणात उभीच होती. साठीची, काटक, हातावर जुनं गोंदण. साहेबांकडे तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि गोकुळला विचारलं, “कुठला तू?”

“साखरशेतचा, मावशी.”

“कोनाचा?”

“देवजीचा.”

“मंग आपलाच तू,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा मोकळा झाला. आठ दिवस तिनं जे धरून ठेवलं होतं ते ती त्याच्या ओंजळीत घालायला लागली. “वरच पेटला होता नं तो. पडला मंग. मी हितंच, राब पसरत होते. आवाज येगळा आला म्हनून वर बघला, तं त्याच्या पोटातून धूर निंगत होता, पांढरा, असा भसाभसा. सरळ वाडीवर येत होता. मंग त्यानं वळवला. माझ्या डोळ्यांनी बघला मी – वळवला त्यानं, तिकडं टेकाडाकडं. खिडकीतून हात भाईर होता त्याचा...”

ती थांबली. आपला हात तिनं तसाच बाहेर काढून दाखवला, बोटं ताणून.

“धूर?” साहेब एकदम वहीतून वर बघत म्हणाले. “मतलब धुआँ? क्या बोल रही है?”

एवढा एकच शब्द त्यांनी पकडला होता, आणि नेमका तोच. खरं बोललो तर बॅटरीचं नाव निघणार, गोकुळला वाटलं, वही उघडणार, सही निघणार – मॅनेजर म्हणेल मला कुणी काही दाखवलंच नव्हतं, आणि मग दोष घ्यायला ‘तिकडचाच’ माणूस तो एकटाच उरेल... परवा उज्ज्वलाताईंचा फोन आला होता, कॅप्टनच्या बायकोचा. “एवढंच सांग गोकुळ, त्यांची चूक होती का?” तो म्हणाला होता, चौकशी चाललीय. ही बाई आत्ता त्याच प्रश्नाचं उत्तर हात ताणून देत होती. ते फक्त उचलून पुढं ठेवायचं होतं. आणि समोरच्या उतारावर राब भाजलेले काळे चौकोन दिसत होते, कुणाकुणाचे...

“राब, साहेब,” तो हौशीला न कळणाऱ्या हिंदीत म्हणाला. “भाताच्या रोपांसाठी इथं जमिनीवर पालापाचोळा जाळतात. हिनं राब पेटवला होता, धूर त्याचा. विमान फार खालून उडत आलं, टेकडीवर आदळलं, मग पेटलं.”

हौशीचा राब तिच्या मागेच पसरलेला होता – सुका, कोरा, काडी न लागलेला. साहेबांना तो कचरा वाटला असावा.

“अच्छा,” साहेब सावकाश म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जुळून आलं. “म्हणजे या धुरानं पायलटला दिसलं नसेल. जाळायची परवानगी होती का, विचार तिला.”

हे त्याच्या मनातही नव्हतं. त्यानं धूर नुसता जागेवरून हलवला होता. तो या बाईच्या गळ्याशी जाईल असं... क्षणभर त्याला वाटलं, अजून मागे फिरता येईल. तो हौशीकडे वळला.

“मावशी,” त्यानं तिच्या बोलीत विचारलं, “वाडीत कोनाला लागला का?”

“नाय,” ती मान जोरात हलवत म्हणाली. “नाय रं. कोनालाच नाय!”

साहेबांनी लिहून घेतलं.

अंगठा उठवायला तिनं स्वतःच हात पुढं केला. शाई लावताना ती बोलतच होती, “त्याच्या बायकोला सांग. म्हनावं, तुझा मानूस चुकला नाय. आमाला सोडून तिकडं गेला. सांगशील नं?”

“सांगेन,” गोकुळ म्हणाला, आणि तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हात चुलीच्या राखेनं खरखरीत होता. त्याची आई असाच फिरवायची.

परतताना तो वाट बघत होता – छातीत धडधडेल, घशाशी काहीतरी येईल, जव्हारच्या अलीकडे जीप थांबवून रस्त्याकडेला उतरावं लागेल. तशी तयारीच करून बसला होता तो. खिडकीबाहेर पळस फुलले होते, बायका डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन उतरत होत्या. एक जण वाट देताना भारा सावरत जीपकडे बघून ओळखीचं हसली. काही आलं नाही. भूक तेवढी लागली.

साहेब डोळे मिटून होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, कुणीच काही विचारलं नव्हतं, आणि गोकुळला आपलाच आवाज ऐकू आला – स्वच्छ, शाळेत शिकवतात तसा – “हे लोक असेच आहेत, साहेब. कुणाला न विचारता पेटवतात.”

“हूँ,” साहेब म्हणाले.

हे लोक... तो मागे टेकला. हे वाक्य कशासाठी होतं? पहिलं भीतीनं बोललो, हे त्याला कळत होतं. या दुसऱ्याला भीतीचं कारण नव्हतं. तो कारण शोधत राहिला, आधी घाईनं, मग सावकाश. आणि शोधता शोधता त्याच्या लक्षात आलं, की मनातल्या मनात आपण ते वाक्य आणखी थोडं सुधारून घेतोय.