डेलमरमामाचा रॅम्प

दर जूनमध्ये आमच्या गावाला रंग लागतो. आम्हाला विचारून नव्हे. ओहायोहून चर्चची मंडळी सेवा करायला येतात, एकजात हिरवे टी-शर्ट घालून, आणि दिसेल ते रंगवत सुटतात. पाण्याची टाकी झाली, बास्केटबॉलचा खांब झाला. एका वर्षी सावलीत झोपलेलं कुत्रं थोडक्यात बचावलं.

यंदा पाळी आली डेलमरमामाच्या घराची. मामा लढाईवर जाऊन आलेला. पॉववॉवला, म्हणजे आम्हा मूळ अमेरिकी आदिवासींच्या ढोल-नाचाच्या मेळ्याला, सगळ्यांच्या पुढे झेंडा घेऊन तोच निघायचा. मधुमेहात पाय गेला आणि दाराबाहेरच्या चार पायऱ्यांनी त्याला घरात कोंडला. आम्ही भाचे ढीगभर, पण "चल, उचलून नेतो" म्हटलं की खेकसायचा, "मी काय पिठाचं पोतं आहे? जाईन तर माझा मी जाईन!" गेल्या वर्षीचा पॉववॉव त्यानं खिडकीतून ऐकला. यंदाचा शनिवारी होता.

"तुम्हाला काय हवंय?" मंडळींचे पुढारी केन्टसाहेब, वर्नामामीचा हात हातात घेऊन विचारते झाले.

"रॅम्प," मामी म्हणाली. "ह्यांच्या चाकांच्या खुर्चीसाठी."

साहेबांचे डोळे भरून आले. "किती सुंदर विचार! पण आम्ही पिवळा रंग आणलाय."

मग काय, आठवडाभर घर पिवळं होत राहिलं. कठडा पिवळा, पायऱ्याही पिवळ्या! मामा बिचारा खिडकीतून बघत बसायचा, तर रंग उडू नये म्हणून काचेवरही कागद चिकटवले. वर कहर म्हणजे, रंगाचे डबे उतरवायला त्यांच्या गाडीमागच्या ट्रेलरला चांगला लांबरुंद लोखंडी रॅम्प होता. डबे त्यावरून गडगडत खाली यायचे आणि माणूस आत बसलेला. माझं डोकं असं फिरलं म्हणता!

शुक्रवारी अंगणात जेवण घातलं. पाहुण्याला आम्ही तसाच पाठवत नाही. रस्सा झाला, फ्राय ब्रेड झाले, आणि मामीनं हिवाळाभर शिवलेली मानाची ताऱ्याची गोधडी बाहेर काढली.

"अगं मामी, ही तर मामाची ना? झेंडा घेईल तेव्हा पांघरायची म्हणून शिवलेली?"

"गप रे. घर रंगवलंय त्यांनी."

"घराचं लिंबू केलंय त्यांनी!"

पण मामी ऐकेल तर शपथ. केन्टसाहेबांच्या खांद्यावर गोधडी पडली, ढोल वाजला, सगळा गाव रांगेनं हात मिळवून गेला. साहेब ढसाढसा रडले. तेवढ्यात खिडकीवरचा कागद आतून टरकन फाटला. मामानं माझ्याकडे बघितलं आणि ओठ पुढे काढून दाखवलं. आमच्यात बोटानं दाखवत नाहीत. ओठ ट्रेलरकडे होते.

गावाचा माइक माझ्याकडे असतो. मी तो उचलला.

"मंडळी, आपली रीत काय? ज्याचा मान होतो, तो आपल्याजवळचं चारचौघांत वाटतो. तेव्हा आता केन्टसाहेब वाटणार!"

"म... मी? काय वाटू?"

"जे असेल ते. आधी म्हाताऱ्यांना."

साहेब आपली टोपी काढून पुढे झाले. "टोपी राहू दे बाळा," म्हातारी फिलोमीन म्हणाली, "ती शिडी दे." शिडी गेली, ब्रश गेले, बर्फाची पेटी गेली. उरलेला पिवळा रंग मात्र कुणी घेईना.

"आणि घरच्या धन्याला?" मी विचारलं.

अख्ख्या गावाचे ओठ ट्रेलरकडे वळले. साहेबांनी रॅम्प बघितला, मग दारापुढच्या पिवळ्या पायऱ्या बघितल्या. मान खाली घातली. माणूस वाईट नाही हो. स्वतः पाना मागून घेतला आणि नट सोडवायला गुडघ्यांवर बसला.

शनिवारी सकाळी मामा फौजेची टोपी घालून दारात आला. पायऱ्यांवर बसवलेल्या रॅम्पवरून चाकं त्यानं स्वतःच फिरवली. कुणाची हात लावायची हिंमत नव्हती. चाकं गवताला टेकली तेव्हा मला रडू आवरेना, खोटं कशाला बोलू!

मामानं खुर्ची वळवली आणि घराकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वर्ना, ह्यात राहत होतो मी? बरं झालं बाहेर पडलो," तो म्हणाला. "चल, झेंडा आण."