मागच्या खोलीचं कीर्तन

कीर्तनाला उभं राहायचं म्हणजे देवाचं काम अंगावर घ्यायचं, एवढंच प्रतापराव आजवर समजत. त्या एकादशीला मात्र त्यांच्या अंगरख्याच्या दुसऱ्या गुंडीत कॅमेरा होता. नात शिल्पा हिनं विद्यानगरच्या घरी सकाळीच ती गुंडी बेतानं टाचून दिली होती.

"आजोबा, तुम्ही जिकडं वळाल तिकडं हा बघतो. नुस्तं सरळ उभं राहायचं. टेन्शन नक्को."

"आणि देवाकडं वळलो तर?"

"तर देव दिसेल. तोबी चालेल आम्हाला."

शिल्पा आणि तिचा मित्र विवेक असलीच कामं करत. सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांत कुठल्यातरी निमित्तानं शिरायचं, आत काय चाललंय ते गुपचूप टिपायचं आणि लोकांसमोर मांडायचं. या वेळी पाळी एका वृद्धाश्रमाची होती. तिथं प्रतापरावांची थोरली बहीण मालनअक्का राहत होती.

पुढचा हॉल बघाल तर आरशासारखा. पण ज्यांना उठता येत नाही त्यांना मागच्या खोलीत ठेवतात, ओरडू नये म्हणून संध्याकाळी गोळ्या देतात आणि खाटेला बांधतात, असं अक्कानं भावाच्या कानात सांगितलं होतं. तिची मैत्रीण सावित्रीबाई तिथंच होती. अक्काचे गुडघेही आता साथ सोडत होते. घरी चल म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या लेकाच्या दोन खोल्यांत माझी खाट कुठं घालतोस? ती खोली तेवढी बंद पाड, पर्ताप. माझे पाय आहेत तोवर."

मागच्या खोलीत बाहेरच्या माणसाला मज्जाव होता. वाट प्रतापरावांनाच सुचली. जे कीर्तनाला येऊन बसू शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत कीर्तनकारानं स्वतः बुक्का आणि प्रसाद न्यायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. तिला नाही कोण म्हणणार? शिल्पा तर आनंदानं उडालीच.

कीर्तन छान रंगलं, बरं का. पूर्वरंग संपला, तसा यजमान म्हणून सेक्रेटरी शिवराज उठला. त्यानं प्रतापरावांना बुक्का लावला आणि गळ्यात हार घातला. बंतीपुलांचा, म्हणजे केशरी झेंडूचा, मनगटाएवढा जाड, कमरेपर्यंत. मग उत्तररंगात आख्यान निघालं, भक्तानं देवाला हाक मारण्याचं, आणि खोटं कशाला सांगावं, प्रतापराव गुंडीबिंडी सगळं विसरले. म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या. शिवराजसुद्धा हात जोडून बसला होता.

आरती झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीतल्या लोकांना बुक्का लावायचं काढलं. शिवराजनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं. पण नुकतेच जोडलेले हात त्याला सोडवेनात. त्यानं कुलूप काढलं.

आत लघवीचा वास कोंडला होता. सावित्रीबाईंची मनगटं साडीच्या चिंध्यांनी खाटेला बांधलेली होती, चिंधीखालची कातडी सोललेली होती. प्रतापरावांनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला, तेव्हा त्यांनी एकच डोळा उघडला. मग शिल्पानं सांगितल्याप्रमाणे ते प्रत्येक खाटेसमोर छाती सरळ करून थांबले. बाहेर आले ते, देवानं आपल्या हातून हे करून घेतलं म्हणत.

घरी विवेकनं लॅपटॉपवर ते लावलं. पूर्वरंग स्वच्छ दिसत होता. मग शिवराजचे हात जवळ आले, आणि तिथून पुढं पडद्यावर नुसतं केशरी. पाकळ्या श्वासासरशी वरखाली होत होत्या. आवाज येत होता, तो आख्यानाचा. मागच्या खोलीतलं म्हणाल तर कुणाचंतरी एक कण्हणं.

विवेकनं शेवटपर्यंत पुढं सरकवून पाहिलं; केशरीच.

"आत जाताना हार काढायचा ना, आजोबा," शिल्पा म्हणाली.

"शेवटच्या माणसाला प्रसाद मिळेपर्यंत हार काढत नसतात गं."

"मग आधी सांगायचं."

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"मला कसं ठाऊक? मी कधी बसले कीर्तनाला?"

तिला कीर्तनातलं कळत नव्हतं आणि त्यांना कॅमेऱ्यातलं. फुलांतूनही तो बघत असेल, असंच ते धरून चालले होते.

तरी पोरांनी तक्रार केली. प्रतापरावांनी डोळ्यांनी पाहिलेलं सगळं लिहून खाली सही केली. अधिकारी आले, पण आधी फोन करून. त्या दिवशी खाटांवर नव्या चादरी होत्या आणि सावित्रीबाई लांब बाह्यांच्या पोलक्यात उशीला टेकून बसवलेल्या. अधिकाऱ्यांनी शिवराजच्या देखत एकेकीला विचारलं, काही त्रास? सगळ्या नाही म्हणाल्या. मालनअक्का तेवढी उभी राहून सगळं बोलली. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला. अहवालात लिहिलं, व्यवस्था समाधानकारक. एका वृद्धेला भ्रम होतो, तिच्यावर उपचार व्हावेत.

त्याच आठवड्यात उपचारासाठी म्हणून अक्काला मागच्या खोलीत हलवलं.

प्रतापराव तिला घरी न्यायला गेले. डॉक्टर सोडा म्हणत नाहीत, असं सांगून त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. पोलिसांनी अहवाल वाचला आणि परत हातात दिला. विवेक दुसरी वाट शोधू म्हणत राहिला, पण शिवराज आता तिघांनाही चेहऱ्यानं ओळखत होता.

पुढच्या एकादशीला प्रतापराव आश्रमाच्या मागच्या गल्लीत जाऊन उभे राहिले. गोळ्या संध्याकाळी देतात, म्हणून भर दुपारी. खिडकीला आतून पत्रा ठोकलेला होता. शिल्पा शेजारी रिकाम्या हातांनी उभी होती. त्यांनी टाळ घेतले आणि नमन धरलं. समोर कचऱ्याची कुंडी, एक झोपलेलं कुत्रं.

"ऐकू जात असेल का तिला?" शिल्पानं विचारलं.

त्यांनी नामघोष केला आणि श्रोत्यांनी तो परत द्यावा म्हणून रीतीप्रमाणे थांबले. पत्र्याआडून काहीच आलं नाही. ते आणखी जरा थांबले. मग परतीचा घोषही त्यांनीच म्हटला आणि पुढचं चरण धरलं.