रुळांखालची नागली

मनोजचं खेळण्यातल्या आगगाडीचं वेड सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. दिवसभर कल्याणच्या कचेरीत कारकुनी करायची आणि उंबरमाळीला उतरून घरी आलं की पडवीतल्या प्लायवूडच्या फळीवर वाकायचं. त्या फळीवर कसाऱ्याचा घाट उभा राहत होता. थर्माकोलचे डोंगर, पुठ्ठ्याचे बोगदे, आणि आखून, पुसून, पुन्हा आखून बसवलेली वळणं. वळण जरा आवळलं की डबे घसरत, म्हणून त्याने दामिनीचं, म्हणजे बायकोचं, शिलाई मशीनही पडवीतून हलवलं. माणूस खुळावला की त्याला घर अपुरंच पडतं.

घोडं अडलं ते खडीपाशी. रुळांखाली पसरायला त्या मापाची खडी हवी. ओढ्याची वाळू फार बारीक. डब्यातली खायची नागली, म्हणजे नाचणी, लहानमोठी. एका रविवारी त्याची नजर चुलीच्या वर, आढ्याला टांगलेल्या तुंब्यावर गेली. वाळक्या भोपळ्याचा तुंबा, धुराने काळा पडलेला. आतही नागलीच होती, पण काय एकसारखी! जुनी पडून राहिलेली असणार, असं स्वतःच ठरवून त्याने तुंबा रिकामा केला, दाणे रुळांखाली पसरले आणि वरून पातळ गोंद सोडला. निवडल्याशिवाय नागली इतकी एकसारखी असते का, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोराला पडायला हवा होता. पण शेतात शेवटचा कधी उतरलो, हेच त्याला आठवत नव्हतं.

गाडी पहिल्यांदा धावली त्या संध्याकाळी शेजारपाजार जमला. मनोजचा बाप कमळू सगळ्यांच्या पुढे. "आमच्या मनोजनं केलाय हा सगळा घाट," असं म्हातारा ज्याला त्याला सांगत होता. मग तो रुळांवर वाकला. नखाने एक दाणा उकरून त्याने दाताखाली धरला.

"कुठली रे ही नागली?"

"तुंब्यातली. जुनी होती ना, बा?"

कमळूने दाणा तळहातावर काढून पाहिला. रोपं टाकायचा राब भाजून तयार होता, पेरणी तोंडावर आली होती. दर साली चांगली कणसं निवडून राखलेलं ते बी. अडीनडीला अख्खा पाडा त्याच्याकडे बी मागायला यायचा. त्याने कधी कुणापुढे हात पसरला नव्हता. मनोजला हे सगळं ठाऊक होतं आणि गोंद वाळल्यावर आठवत होतं. लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

सकाळी दाणे सुटतील म्हणून त्याने खडी भिजवून पाहिली. नुसता चिकट लगदा हाती आला.

मग कमळू पाड्याच्या दुसऱ्या टोकाला महिपतच्या दारात गेला. रिकामी पिशवी घेऊन मनोज मागे.

"महिपत, बियाला थोडी नागली दे."

"तुमी मागताय?" महिपत बघतच राहिला. "अन् तुमचं बी?"

मनोजने तोंड उघडलं, पण बाप आधीच बोलला, "उंदरांनी खाल्लं."

महिपत हळहळला. त्याने पिशवी भरून दिली, वर आत जाऊन उंदराचा पिंजरा आणला आणि मनोजच्या हातात ठेवला.

"घरात तरणाताठा माणूस असून उंदीर माजले कसे रे?"

मनोजला मान वर करवेना. कमळूने पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "त्याचा टाइम कामावर जातो रे. त्याला काय बोलू नको."